पैलवान रुळेपर्यंत

४ फेब्रुवारी

आज सासरे राहायला आले आणि त्यांच्याबरोबर पैलवान आला. खरं म्हणजे पैलवान यायला तयार झाला म्हणून सासरे आले.

पैलवान हा ऑस्कर जातीचा मासा. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत सहज भरेल एवढा. काळपट अंग, त्यावर नारिंगी पट्टे, आणि चेहरा असा की आपण त्याच्या खुर्चीत बसलोय आणि आपण उठायची तो वाट बघतोय. सासूबाईंनी हौसेनं रंगीत पिल्लं आणली होती, त्यात हा अंगठ्याएवढा. थोड्याच दिवसांत बाकीची एकेक करून दिसेनाशी झाली आणि हा अंगानं भरला. सासूबाईंनी त्याच्याशी अबोला धरला होता म्हणे. पुढे बोलायला लागल्या त्या शेवटपर्यंत. त्या गेल्यावर बाबा बोलतात.

बाबांनी इकडे यावं म्हणून नवरा कधीचा मागे लागला होता. जिने चढायचे, एकटं राहायचं, वर हट्टी स्वभाव. मागे न्हाणीघरात पाय घसरून पडले तेव्हा शेजाऱ्यांनी दार तोडून बाहेर काढलं. तेव्हा कुठे कबूल झाले, तेही अट घालून. "पैलवान रुळला तर मी रुळलो. नाही रुळला तर आम्ही दोघं परत घरी." जुन्या घराची किल्ली त्यांच्या खिशातच आहे. बोलता बोलता हात खिशात जातो आणि ती वाजते. ती वाजली की नवरा माझ्याकडे बघतो. परत एकटे गेले आणि पुन्हा पडले तर? हा विचारच आम्ही दोघं करत नाही.

एवढी मोठी टाकी घरात मावेना. माझा दातांचा दवाखाना घरासमोरच, रस्ता ओलांडला की. तिथे पेशंट बसतात त्या खोलीत ठेवली. मासे बघून माणूस शांत होतो असं वाचलंय. दाढ काढायला आलेल्याला शांततेची गरज असतेच.

बाबांनी जुन्या टाकीचा फिल्टर पिशवीत घालून आणला होता. उघडला तर आत तपकिरी, बुळबुळीत लगदा. दिवसभर मी लोकांच्या किडक्या दाढा बघते, पण मलाही शहारा आला. लगदा गटारात, फिल्टर कचऱ्यात. नवी टाकी, नवा फिल्टर, नवे पांढरे दगड, नवं पाणी.

बाबा म्हणाले, "अगं, जुनं काहीतरी राहू दे की त्याच्या ओळखीचं."

"बाबा, दातांच्या दवाखान्यात असली घाण? लोक काय म्हणतील?"

बाबांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. पटलं असावं.

७ फेब्रुवारी

पैलवान फार शिस्तीचा निघाला. बाबा सांगत होते की जुन्या टाकीत तो दगड तोंडात धरून इकडचे तिकडे करायचा, शोभेची झाडं उपटायचा, मनासारखी मांडामांड झाल्याशिवाय स्वस्थ बसायचा नाही. इथे एक खडा हलवलेला नाही. मी लावून दिलं तसं सगळं जागच्या जागी. शेवटी वातावरणाचा परिणाम होतोच. मावशींचंही हेच मत पडलं. मावशी म्हणजे माझ्या दवाखान्यातल्या मदतनीस. दवाखाना उघडला तेव्हापासून आहेत, आणि त्यांची कुजबूज रस्त्यापलीकडे ऐकू जाते.

बाबांचंही तसंच. नवरा घाबरवत होता की त्यांचा पसारा फार, पेपरची पानं घरभर, चष्मा एकीकडे नि त्याचं घर दुसरीकडे. काही नाही हो तसं. पेपर वाचून झाला की घडी घालून होता तिथे ठेवतात. सोफ्याच्या अगदी कडेला बसतात, गादीला सुरकुती पडू देत नाहीत. उगाच बदनाम केलं बिचाऱ्यांना.

११ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी म्हणून साफसफाई. टाकीचं पाणी सगळं बदललं. फिल्टरच्या आत एक स्पंज असतो आणि चिनी मातीची बारीक बारीक कडी असतात. आठवड्यात स्पंजाला तपकिरी रंग चढायला लागला होता! लगेच टाकून नवा घातला. कडी मात्र ऑटोक्लेव्हमध्ये घातली. म्हणजे ज्या यंत्रात मी माझे चिमटे आणि आरसे वाफेवर निर्जंतुक करते त्यात. शिट्टी झाली, दार उघडलं, कडी पांढरीशुभ्र. दगड टूथब्रशनं घासले. असा फिल्टर कुणाकडे नसेल. त्या टाकीत एखादं ऑपरेशन करता येईल.

मग बाबांचं कपाट. कोपरांना भोकं पडलेले स्वेटर टाकून दिले, नवे आणून घडी करून ठेवले. त्यांचा चहाचा मोठा मग आतून तपकिरी झाला होता, कित्येक वर्षांचं किटण. कवळ्या धुवायच्या गोळ्या टाकून भिजत ठेवला, मोत्यासारखा निघाला. बाबांनी आत बघितलं, बाहेरून बघितलं, आणि विचारलं, "हा माझाच का?"

मी म्हटलं, "तुमचाच! ओळखू येत नाही ना आता?"

चहा अर्धा ठेवला. वयानुसार चहा कमी होत असावा.

१५ फेब्रुवारी

पैलवानाचं काहीतरी बिनसलंय. नारिंगी पट्टे फिके पडलेत, पंख अंगाला चिकटवून कोपऱ्यात उभा राहतो. मधूनच काचेला तोंड लावून वरखाली, वरखाली, तेही एकाच जागी. खाणं तोंडात घेतो आणि थुंकून टाकतो.

आणि आज तर एका कुशीवर आडवाच झाला. खोलीत पेशंट बसलेले. मावशी कुजबुजल्या, "मेला की काय!" त्यासरशी दाढेत औषध भरून घ्यायला आलेल्या शिंपीणबाई गळ्यातल्या रुमालासकट रस्त्यावर गेल्या. त्यांना परत आणायला मला पांढऱ्या कोटात मागे धावावं लागलं. परत आलो तर पैलवान सरळ उभा, काहीच घडलं नाही असा चेहरा.

बाबांना बोलावलं. ते काचेजवळ खुर्ची घेऊन बसले, हळूच काहीतरी बोलले. मग म्हणाले, "रुसलाय. ऑस्कर रुसतात. जागा बदलली की असे आडवे पडतात."

"मग रुसवा काढायचा कसा?"

"तुझ्या सासूबाईंना यायचं ते," असं म्हणून बाबांनी खिशात हात घातला. किल्ली वाजली.

१८ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा सगळं पाणी बदललं, कडी निर्जंतुक, स्पंज नवा. आणि काय सांगू! संध्याकाळपर्यंत पैलवानाला तरतरी आली. रंग परतला, कोळंबीचा तुकडाही खाल्ला. म्हणजे घाणीचा त्रास होता. आता आठवड्यातून दोनदा धुवायचं.

२१ फेब्रुवारी

रंगीत माशांच्या दुकानात गेले होते. दुकानदाराला आम्ही मनातल्या मनात गोडबोल्या म्हणतो. त्याच्या दुकानात शिरलेला माणूस काहीतरी घेतल्याशिवाय बाहेर पडलेला नाही, आणि मासा मेला तर दुःख हलकं व्हावं म्हणून तो दुसरा मासा विकतो. लक्षणं ऐकून त्यानं मान हलवली.

"टेन्शन आहे त्याला, मॅडम. मोठ्या माशांना फार असतं. मन मोठं ना!"

टेन्शनवर त्यानं दिलं ते असं: लपायला मातीची गुहा, टाकीच्या मागे लावायला समुद्राचं चित्र, मन शांत करणारे निळे थेंब, आणि पाणी तपासायची पेटी. पेटी मात्र मला आवडली. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे. पाणी पिवळं राहिलं तर ठीक. हिरवं झालं तर अमोनिया, म्हणजे माशाच्या अंगातून आणि विष्ठेतून पाण्यात उतरणारं विष.

हिरवं झालं. तक्त्यावरचा नेमका कुठला हिरवा यावर मावशी आणि माझा वाद झाला. मी रोज दातांच्या पांढऱ्या रंगाच्या छटा जुळवते, मला कोण शिकवणार! गडद हिरवा. लगेच सगळं धुऊन काढलं. पिवळं झालं.

२५ फेब्रुवारी

आता एकाआड एक दिवस धुतेय. धुतलं की पिवळं आणि पैलवान खूश. दुसऱ्या दिवशी हिरवं आणि पैलवान पाण्याच्या वर तोंड काढून आ वासतोय. एवढी घाण करतो तरी कुठून? एकटा जीव!

गुहेत तो मावत नाही. डोकं आत आणि बाकीचा सगळा बाहेर, असा उभा राहतो आणि आपण कुणाला दिसत नाही अशी त्याची समजूत आहे.

बाबा फारसे बाहेर पडत नाहीत. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, मला वाटलं होतं पायी हिंडून सगळा भाग पाठ करतील. खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारतात. व्यायाम म्हणून चांगलंच आहे. जेवण मात्र कमी झालंय. मी बिनमिठाचं सूप देते, रक्तदाबासाठी. दोन चमचे घेतात आणि म्हणतात, "छान आहे." वाडगा तसाच. रंगही जरा उतरल्यासारखा वाटतो. उन्हात बसायला हवं.

२८ फेब्रुवारी

वाईट बातमी. पैलवानाच्या डोक्यावर, डोळ्यांच्या वर, बारीक खड्डे पडलेत. मी भिंगातून बघितले. इतके स्पष्ट खड्डे मी फक्त गोड खाणाऱ्या लोकांच्या दाढांत बघितलेत. क्षणभर हात शिवशिवले. खोटं कशाला बोलू, डायरी आहे ही. कुठलं सिमेंट पाण्यात टिकेल याचाही विचार झाला.

बाबा मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "सूनबाई, त्याला कॅप बसवू नकोस."

बऱ्याच दिवसांत बाबांनी केलेला हा पहिला विनोद. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. मग त्यांनी खड्ड्यांकडे नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा नाही वाचायचा," म्हणाले. "तिची एवढीच एक वस्तू राहिली होती चालतीबोलती." आणि रस्ता ओलांडून घरी गेले, मागे न बघता. बस चालवणारा माणूस, रस्ता ओलांडताना बघत नाही म्हणजे काय!

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "दुसरा तसाच मासा आणून ठेवू या का?" मी म्हटलं, "तुझ्या आईच्या जागी तू अशीच कुणीतरी आणून ठेवली असतीस का?" जरा जास्त झालं माझं. पण त्या माशाचा चेहरा एकमेव आहे.

१ मार्च

आज जे झालं ते लिहायचीही शरम वाटतेय.

गाण्याचे मास्तर आले होते. मागे त्यांची दाढ काढली तेव्हा मी जंतुनाशक गुळण्यांचं औषध दिलं होतं, थोडे दिवस, सकाळ-संध्याकाळ. मास्तरांची जीभ बघितली तर पांढरी. वर बुरशी, तोंडभर जळजळ.

"मास्तर, गुळण्या किती करता?"

"येता-जाता, डॉक्टर. गाणाऱ्याचं तोंड कसं देव्हाऱ्यासारखं पाहिजे. गुळणी केली की अगदी बरं वाटतं. मग पुन्हा जळजळतं. मग मी पुन्हा करतो."

मी कमरेवर हात ठेवला आणि माझं ठरलेलं भाषण सुरू केलं. "अहो मास्तर, तोंडातले सगळे जंतू काही शत्रू नसतात. चांगले जंतू वाईटांना आवरून धरतात. तुम्ही येता-जाता धुऊन सगळ्यांना घालवलंत. घरात राखणदारच ठेवला नाहीत, मग बुरशी शिरणार नाही तर काय! धुतल्यावर बरं वाटतं, पुन्हा बिघडतं, म्हणून तुम्ही पुन्हा धुता. अहो, त्या धुण्यानंच तर..."

उघड्या दारातून समोर टाकी दिसत होती. स्वच्छ. पांढरे दगड, पांढरी कडी, आणि पृष्ठभागावर आ वासलेला पैलवान.

"त्या धुण्यानंच काय, डॉक्टर?" मास्तर तोंड उघडं ठेवूनच विचारत होते.

मी म्हटलं, "मास्तर, मी गाढव आहे."

मास्तरांना वाटलं चुकीची दाढ काढली. त्यांना समजावण्यात बराच वेळ गेला.

पेशंट गेल्यावर तपासणीच्या पेटीतली घडी घातलेली माहिती पहिल्यांदा वाचली. रंगाच्या तक्त्यापलीकडे मी बघितलंच नव्हतं. पांढऱ्यावर काळं लिहिलंय: स्पंजावर आणि कड्यांवर जो तपकिरी थर बसतो तो जंतूंचा. हे जंतू माशाचा अमोनिया खातात आणि पाणी निवळतं. थर बसायला आठवडे लागतात. म्हणजे बाबांनी पिशवीतून आणलेला तो बुळबुळीत लगदा, तो पैलवानाचा जीव होता. मी गटारात ओतला. आणि पुन्हा कुठे धरायला लागला की वाफेवर उकडला, एकाआड एक दिवस, शिट्टी होईपर्यंत.

जंतूंविषयी मला परीक्षेत पहिला नंबर होता.

२ मार्च

सकाळी गोडबोल्याकडे. तो हसत पुढे आला. "या मॅडम, काय दाखवू? नवीन चमकणारी शिंपली आलीत."

"मला तुमची घाण हवीय," मी म्हटलं.

त्याचं हसू तसंच राहिलं पण डोळे हसेनात. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी समजावून सांगितलं: तुमच्या जुन्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज, न धुतलेला, जितका घाणेरडा असेल तितका उत्तम. मासे ज्यात वर्षानुवर्षं सुखानं राहतायत अशा टाकीतला.

"मॅडम, आजवर लोक माझ्याकडे घाण काढायचं काहीतरी मागायला आले. घाण मागणारं पहिलंच गिऱ्हाईक." त्यानं डोकं खाजवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या दुकानातल्या एका वस्तूवर किंमत लिहिलेली नव्हती आणि काय सांगावी हे त्याला सुचेना. शेवटी मोठ्या मनानं फुकट दिली. मी पिशवीतून निर्जंतुक डबा काढला, झाकणाचा, ज्यात मी कवळ्यांचे साचे ठेवते तो. "जरा तो गाळाचा भाग पण पिळा ना," मी म्हटलं. "अजून थोडा. तो काळा दिसतोय तो." एक गिऱ्हाईक काही न घेताच निघून गेलं.

स्पंज सुकू नये म्हणून डबा मांडीवर धरून रिक्षात बसले. इतक्या जपून मी माझी पदवीसुद्धा घरी आणली नव्हती.

मावशींनी डबा उघडून बघितला आणि कुजबुजल्या, "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?" हे चौकापर्यंत गेलं असणार.

९ मार्च

दगड घासलेले नाहीत. स्पंजाला हात लावलेला नाही. रोज थोडंसंच पाणी बदलते, बादलीभर. खाणं कमी. समुद्राचं चित्र काढून टाकलं. टाकीच्या काचेवर हिरवट डाग दिसायला लागलेत आणि पेशंट ते बघतात. मी मान खाली घालून दाढा कोरते. नळीतलं पाणी अजून हिरवट आहे, पण फिकं. मावशींशी आज छटेवरून वाद झाला नाही.

१७ मार्च

पिवळं! न धुता पिवळं! मावशींनी मला मिठी मारली. हातमोज्यांसकट.

१९ मार्च

सकाळी दवाखाना उघडला तर टाकीत धुमाकूळ. दगड एका बाजूला ढिगानं, प्लॅस्टिकचं झाड उपटून वर तरंगतंय, गुहा उलटी. मधोमध पैलवान, पट्टे निखाऱ्यासारखे लाल, पंख पसरलेले. खड्डेही भरून येतायत, माझ्या मदतीशिवाय. मी काचेजवळ गेले तर तोंडातला एक खडा त्यानं माझ्याकडे बघत खाली टाकला, टक्कन.

मी धावत रस्ता ओलांडून बाबांना आणलं. त्यांनी बोटात कोळंबी धरली, पैलवानानं उसळी मारून घेतली आणि बाबांच्या चष्म्यावर पाणी उडवलं. बाबा हसले. चष्मा पुसला.

मग म्हणाले, "चला, पैलवान रुळला. फार छान केलंस गं. आता तो इथेच राहू दे तुझ्याकडे. जड झालाय, मला काही हलवायचा नाही. मी रविवारी घरी जातो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "बाबा, अट होती ना? पैलवान रुळला तर तुम्ही रुळलात!"

"अट त्याची पुरी झाली," बाबा म्हणाले. "माझी नाही होत बघ."

२० मार्च

रागच आलाय मला. काय कमी केलं? खोली पांढरी रंगवून घेतली, दर दोन दिवसांनी चादर बदलते, मिठापासून धुळीपर्यंत कशाचा त्रास होऊ देत नाही. नवरा तोंड पाडून बसलाय. मी बाबांना तोंडावर विचारलं, "माझं काय चुकलं ते सांगा."

बाबा सोफ्याच्या कडेला बसले होते. फार ओशाळले. "तुझं काही चुकलं नाही, पोरी. सगळं इतकं छान आहे की हात कुठे ठेवावा ते कळत नाही मला."

मी त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. बॅग भरून ठेवली होती. खोलीला कसलाही वास नव्हता. माझ्या दवाखान्यालाही वास असतो. टेबलावर तो मग. दीड महिना चहा पिऊन झाला, तरी आतून पांढरा. कारण मी रोज गोळी टाकत होते.

मी पलंगावर बसले. बसल्यावर चादरीला सुरकुती पडली आणि माझा हात ती सरळ करायला गेला. तो हात मी दुसऱ्या हातानं धरून ठेवला. मनात म्हटलं, बाई, मासा समजला तुला, माणूस नाही समजला.

२४ मार्च, रविवार

बाबा जुन्या घरी गेले. पण एकटे नाही, मी बरोबर गेले, टेम्पो घेऊन. कुलूप उघडताना म्हणाले, "तू कशाला आलीस?"

"घाण न्यायला," मी म्हटलं. "इथलं जे जे म्हणून न धुतलेलं असेल ते दाखवा. मी कशाला फडकं लावणार नाही. तुमच्या सुनेची शपथ."

आधी पटेना त्यांना. मग आरामखुर्चीकडे बोट केलं. तिच्या गादीला बाबांच्या आकाराचा खळगा आहे आणि हातांवर तेलकट काळे डाग. मग सासूबाईंची गोधडी. मग एक पितळी हॉर्न, त्यांच्या पहिल्या बसचा. मग खिडकीतलं एक कुंडीतलं झाड, ज्यात झाड कमी आणि काड्या जास्त. शेवटी धीर चेपला तसे म्हणाले, "आणि तो तळणीचा तवा." तव्याला खालून बोटभर काळा थर. मी तो मांडीवर धरून आणला, आणि शेजारी हॉर्न सांभाळत बाबाही परत आले.

३० मार्च

आज शेवटची दाढ अवघड गेली, घरी यायला उशीर झाला. दार उघडलं आणि ओळखूच येईना की घर आपलंच आहे.

सोफा भिंतीपासून ओढून आडवा टाकलेला. चहाचं टेबल स्वयंपाकघराच्या दारात. माझं पांढरं सोफाकव्हर बोळा होऊन कोपऱ्यात. पेपरची पानं घरभर, चष्मा फ्रिजवर. तळलेल्या बटाट्यांचा वास थेट लिफ्टपर्यंत. आणि खिडकीला चिकटून ती आरामखुर्ची, तीत आडवे पसरलेले बाबा, अंगात भोकाचा स्वेटर. टाकून दिलेला तो, मावशींनी परस्पर उचलून ठेवला होता म्हणे. खाली वळणावर बस आली तसे ओरडले, "अरे, गिअर बदल, गिअर! दात पाडशील तिचे!" आणि हॉर्न वाजवला. खालच्या बसवाल्यानं उलट वाजवला.

मला बघून जरा दचकले. "सूनबाई, थोडं इकडचं तिकडे केलं. इथून वळण दिसतं."

मी दारातच उभी राहून घरभर पसरलेला तो धुमाकूळ बघितला. मग चप्पल काढायच्या आधी नवऱ्याला फोन लावला आणि म्हटलं, "अरे, रुळले!"

किल्ली आता त्यांच्या खिशात नसते. पैलवानाच्या खाऊच्या डब्याचं झाकण घट्ट बसतं, ते उचकटायला ती दवाखान्यात टाकीवर ठेवलीय.

रात्रीची भांडी मी घासली. मगाच्या आत, तळाशी, तपकिरी रंगाचं एक बारीक कडं धरायला लागलंय. हात शिवशिवले. नुसत्या पाण्यानं विसळला आणि पालथा घातला.